तारेवर न लागलेलं कार्ड

अमडापूरच्या भगवानरावांनी अडतीस वर्षं टपालखात्यात काढली. लोकांची पत्रं वाचायची नाहीत हा नियम त्यांनी एवढा पाळला की स्वतःच्या घरची वाचायचीही राहून गेली. ती माळ्यावर होती, एका लोखंडी तारेत ओवलेली. पूर्वी घरोघर अशी तार असे, वर आकडा आणि खाली लाकडाची चकती. आलेलं कार्ड वाचून झालं की मधोमध भोसकून तारेवर चढवायचं. भगवानरावांचे पणजोबा नारायणराव यांनी १९०९ पासून पुढची बत्तीस वर्षं हे काम चोख केलं. त्यामुळे दोनशे बारा कार्डांपैकी प्रत्येकाचा कुठला ना कुठला शब्द कायमचा गेलेला होता.

कार्डं मोडीत होती. निवृत्तीनंतर भगवानरावांनी बुलढाण्याला दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला. वर्गात सगळे पेन्शनर. आपण कोणत्या तरी लढाईत होतो याचा पुरावा शोधायला आलेले. भगवानरावांच्या पूर्वजांनी लढाई केल्याचं काही निघालं नाही. सरकी महाग झाली, बैल मेला, बारशाला या, असंच निघत गेलं. तरी ते रोज चार कार्डं वाचत आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा सारांश टाकत. त्याला अंगठे येत.

ही बातमी देऊळगाव राजाला मंजुळाबाईंपर्यंत गेली. मंजुळाबाई म्हणजे भगवानरावांच्या आत्या, वडिलांच्या सावत्र बहीण, वय ब्याण्णव. कानाला कमी ऐकू यायचं. पण मोबाईलवर त्या मुळातच ओरडून बोलत, त्यामुळे फरक पडत नसे.

"भगवान, तू ते जुने कार्डं वाचून राह्यला म्हन्ते. त्यात माह्या मायचं काही हाये का?"

"अजून तिथवर आलो नाही, आत्याबाई."

"तं ये ना लवकर. मी काय थांबून राह्यनार हाये का? तिनं मले इचारलं का कधी, एवढंच पाह्य. नसन इचारलं तं तसं सांग. गोडगोड लावू नको."

मंजुळाबाईंची आई ताना. मुलगी वर्षाची असताना ती कुणासोबत तरी निघून गेली, असं घरात सांगितलं जाई. कोणासोबत, ते कधी ठरलं नाही. कोणी कासार म्हणे, कोणी गारुडी. मंजुळाबाई हातून दूध सांडलं तरी "मायवर गेली" असं ऐकत मोठ्या झाल्या. त्यांचे वडील गोविंदा यांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या दुसरीच्या वंशात भगवानराव येतात. ताना निघून गेली नसती तर मोडीचा वर्ग एका विद्यार्थ्याने कमी भरला असता.

मधल्या काळात भगवानरावांना एक शोध लागला. आतापर्यंत वाचलेल्या कार्डांत कोणी मेलेलंच नव्हतं. १९१८ च्या तापाच्या साथीत गावंच्या गावं झोपली, आणि तारेवर मात्र त्या कार्तिकात एका गाईला कालवड झाली होती. भगवानरावांनी ग्रुपवर लिहिलं : "आपले घराणे मुळातच काटक. साथीतही एकही बळी नाही." त्याला विक्रमी अंगठे आले.

संध्याकाळी त्यांनी हे पत्नीला, सत्यभामाबाईंना, वाचून दाखवलं. त्या लसूण सोलत होत्या.

"मेल्याचं कार्ड कोनी घरात ठेवते का?" त्या म्हणाल्या. "बाहीरच वाचते, फाडते, फेकते, आन आंघोळ करते. तुमी टपालात होते ना?"

भगवानराव टपालात होते. मृत्यूची खबर आणणारं, कोपरा फाडलेलं कार्ड त्यांनी स्वतः शेकडो वेळा दाराबाहेर उभं राहून दिलं होतं. ते कार्ड हातात घेणारा माणूस उंबऱ्याच्या आत जात नसे, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलंही होतं. तार ही जिवंतांचीच होती, मेलेले आधीच फाडून झाले होते. त्यांनी ग्रुपवरचा मजकूर काढून टाकला. एकाने विचारलं, काय होतं? दुसऱ्याने त्यालाही अंगठा दिला.

मग त्यांनी कार्डं नव्याने लावली. आता काय लिहिलंय त्यापेक्षा कुणाचं येणं कुठे थांबतं ते पाहायचं होतं. लिहिणाऱ्याच्या तारखेवर त्यांचा विश्वास नव्हता, शिक्क्यावर होता. असं लावल्यावर १९३४ च्या जुलैपासून पुढच्या जानेवारीपर्यंत धामणगाव बढे इथून आलेली सात कार्डं सापडली. तानाचं माहेर धामणगावचं. अक्षर भावाचं.

पंधरा दिवसांनी, पौषात, भगवानराव देऊळगाव राजाच्या बसमध्ये बसले. सात कार्डं पिशवीत होती. आणखी दोन शर्टाच्या खिशात होती. ती दाखवायची की नाही हे चिखलीपर्यंत ठरलं नाही, पुढेही ठरलं नाही.

मंजुळाबाई अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या होत्या. नातसून सुचितानं चहा आणला. भगवानरावांनी चष्मा पुसला आणि कानाजवळ बसून पहिलं कार्ड वाचलं.

"'कृतानेक नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम जाणोन आपलेकडील लिहीत जावे. चि. ताना सुखरूप पोचली. खोकला आहे तसाच. वैद्याचे म्हणणे, हवापालटाने गुण येईल.'"

"थे माहेरी गेल्ती?"

"हो. तुमच्या आजोबांनीच पाठवलं होतं, असं दिसतं. खोकल्यासाठी."

"पुढं."

पुढच्या कार्डांत क्षेम तेवढंच राहिलं, ताप वाढत गेला. तिसऱ्यात 'मुलीस दात आले काय, असे ती विचारते.' चौथ्यात 'मुलगी चालते काय?' पाचव्यात 'आपले उत्तर नाही.' सहाव्यात पणजोबांची तार नेमकी मुलीच्या नावातून गेली होती. भगवानरावांनी ते भोक वाचताना भरून घेतलं. सातव्यावर १९ जानेवारी १९३५ चा शिक्का.

"'मला परत नेऊ नये, मुलीस मात्र कोणासोबत तरी पाठवून एक वेळ दाखवावे. जवळ घेणार नाही, लांबूनच पाहीन, असे तिचे म्हणणे आहे.'"

सुचिता खाली कपबशा घ्यायला वाकली होती, ती तशीच राहिली.

"म्हंजे तिनं इचारलं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"पुन्हा पुन्हा."

मंजुळाबाई त्यांच्याकडे वळल्या. "मंग पळून गेली असं कोनं उठवलं?"

भगवानराव खात्यात एक गोष्ट शिकले होते : ज्याचं टपाल त्याला न देणं हा गुन्हा आहे. त्यांनी खिशातलं एक कार्ड काढलं. हे त्यांच्या सख्ख्या आजीच्या, म्हणजे गोविंदांच्या दुसऱ्या बायकोच्या, वडिलांचं. शिक्का ७ जानेवारी १९३५, म्हणजे तानाच्या शेवटच्या कार्डाच्या बारा दिवस आधीचा.

"'पहिली बाई आपले चालीने निघोन गेली, घरात दुखणे नाही, असे आपण लिहिले ते वाचोन समाधान वाटले. आमची मुलगी देण्यास हरकत नाही.'"

"क्षय हाये म्हटलं असतं तं कोनी पोरगी देल्ली नसती," मंजुळाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ब्याण्णव वर्षांत त्यांनी पुष्कळ सोयरिकी जुळवल्या होत्या, कोणती गोष्ट झाकायची आणि कोणती उघडी ठेवायची हे त्यांना माहीत होतं. बाई पळाली तर नाक तिच्या माहेरचं जातं. दुखणं निघालं तर आपलं. नारायणरावांनी स्वस्त पडलं ते निवडलं.

"तुही आजी त्यातून आली."

"हो."

"आन तू बी."

"मीपण."

"दुसरं काय हाये खिशात?"

दुसरं एप्रिलचं होतं, पुन्हा तानाच्या भावाचं. " 'मागील कार्ड पावलेच असेल. तेराव्यास वाट पाहिली, कोणी आले नाही. तिचे एक लुगडे मुलीसाठी ठेवले आहे. लग्नात घेऊन येईन.' "

"मागचं कोन्तं?"

"ते तारेवर नाही."

मंजुळाबाईंना याचा अर्थ सांगावा लागला नाही.

"आला होता थो," त्या म्हणाल्या. "मामा. माह्या लग्नात. मी पंधराची. फडक्यात गुंडाळून जुनं लुगडं आनलं होतं, घडीवर इरलेलं. सारा मांडव हासला. मले वाटलं, त्या सटवीचा भाऊ, आन जुनं नेसवाले आला. म्या लुगडं फेकलं त्याच्या अंगावर. म्हटलं, ने आपल्या बहिनीले, जिथं असन तिथं. काही बोलला नाही. उचललं आन गेला. जेवला बी नाही."

"आजी, तुम्हाला काय माहीत होतं?" सुचिता म्हणाली.

"तुले कोनं इचारलं व?"

मग त्यांनी हात पुढे केला. सुचितानं धरून उठवलं. मंजुळाबाई न्हाणीकडे न जाता अंगणातल्या दगडाकडे निघाल्या.

"पानी आन."

"कशाला?"

"माय मेली माही. आंघोळ नाही करा लागत?"

"आजी, नव्वद वर्षं झाली त्याला!"

"मले आत्ता कळलं ना."

सुचितानं भगवानरावांकडे पाहिलं. तिनं आत जाऊन बादली भरून आणली. मंजुळाबाईंनी त्यात बोटं घातली आणि बादली ढकलली.

"हे गरम हाये. बारशाची आंघोळ हाये का?"

"पौषाची थंडी आहे, आजी. मागच्या महिन्यात तुम्हाला छातीचं झालं होतं. डॉक्टर मलाच बोलतील. काका, तुम्ही तरी सांगा ना काही!"

भगवानरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. बाह्या वर केल्या. अंगणातल्या टाकीवरचं पत्र्याचं झाकण सरकवलं आणि बादली बुडवली. पाणी रात्रभराचं होतं, हाताला चावत होतं.

मंजुळाबाई नेसत्या लुगड्यानिशी दगडावर बसल्या. अंबाडा स्वतःच सोडला. त्यात फारसं काही उरलं नव्हतं. भगवानरावांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. मंजुळाबाईंचं सगळं अंग आखडलं, दात वाजायला लागले. सुचिता तोंडावर पदर धरून उभी होती.

"आनखी," मंजुळाबाई म्हणाल्या.

भगवानरावांनी आणखी ओतलं.