एसीच्या खोलीतला झेंडू

माझं घर अमरावतीला, ऑफिस अकोल्याला आणि जीव दिवसभर स्क्रीनमध्ये. स्क्रीनवर आमच्या खोल्या दिसतात: धारणी, बार्शीटाकळी, मोझरी आणि आणखी काही. पूर्वी फोन जोडायचं काम मोठमोठी यंत्रं करायची. आता ते सॉफ्टवेअर करतं, आणि ते चालतं गावोगावच्या टॉवरखालच्या लहानशा खोल्यांत, दोन-चार सर्व्हरवर. एक खोली बंद पडली की तिचं काम आपोआप दुसरीकडे सरकतं. माणसानं स्वस्थ बसावं अशीच सगळी सोय आहे. मला तेच जमत नाही. सगळं हिरवं दिसलं तरी माझे हात शिवशिवतात. बायको म्हणते, जेवतानाही तुमचा अंगठा ताटाच्या कडेवर फिरत असतो.

मागच्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बार्शीटाकळीच्या खोलीत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायला घेतली. तेवढ्यापुरतं ते आपोआप सरकणं बंद करावं लागतं, तसं केलं. नवी आवृत्ती चढली आणि तेवढ्यात धारणी लाल झाली. तिकडे वळलो आणि इकडचं पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. दुपारी बार्शीटाकळी बंद पडली. तिचं काम कुठेच सरकलं नाही, आजूबाजूच्या गावांचे फोन मुके झाले. जागेवर बसून नीट पाहिलं असतं तर कारण तिथेच सापडलं असतं. पण बसवेना. गाडी काढली.

ती खोली झेंडू लावणाऱ्या एका काकूंच्या वावरात आहे आणि किल्ली त्यांच्याकडेच असते. दार उघडलं तर आत झेंडूची पोती. तोडलेली फुलं दसऱ्यापर्यंत टवटवीत राहावीत म्हणून काकूंनी ती आमच्या एसीत आणून ठेवली होती, वरून ओलं गोणपाट. माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. काकू पोती ओढत बाहेर उन्हात नेत राहिल्या.

मग लॅपटॉप जोडला. सर्व्हर कोरडे ठणठणीत होते. अडकली होती ती मी चढवलेली आवृत्ती, आणि काम सरकण्याची वाटही मीच बंद ठेवली होती. दोन मिनिटांत फोन सुरू झाले.

काकूंचा फोन लगेच वाजला. अकोल्याचा व्यापारी होता. त्यांचा फोन लागेना म्हणून त्यानं दुसरीकडून माल उचलला होता. त्या फोन ठेवून दारात आल्या.

"माया फुलायनं झालं का, भाऊ?"

मी हो म्हणालो. रिपोर्टमध्येही खोलीतला ओलावा असंच लिहिलं.

वर्षभर मला स्वतःची लाज वाटत होती. बार्शीटाकळीचा आलेख दिवसातून दहादा उघडायचो, काही नसताना. यंदा दसरा जवळ आला तसं राहवेना. काकूंना फोन केला आणि फुलं कुठे ठेवणार म्हणून विचारलं.

"यंदा झेंडू लावलाच नाई," त्या म्हणाल्या. "मायापायी साऱ्या गावाचे फोन बंद पडले होते."

तेव्हा सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट दुरुस्त करतो, असंही म्हणालो.

"रिपोर्टाचं मी काय करू? गावात येऊन सांगा."

गेलो. चहाच्या टपरीवर बसलेल्या लोकांना सांगितलं, मागच्या वर्षीची चूक काकूंची नव्हती, माझी होती. ते माझ्याकडे बघतच राहिले. फोन बंद पडल्याचं बहुतेकांना आठवतही नव्हतं. एकानं माझ्यासाठी चहा सांगितला. परतताना काकूंचं वावर लागलं. मागच्या वर्षी झेंडू होता तिथे तूर उभी होती.