नातवाचं इष्टलिंग

"ह्या काळ्या लेकराच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग बांधायचं न्हाई. लातूरभर हसं होईल माझं," गुरुपादप्पा पुन्हा म्हणाले.

"मग आम्ही उद्याच जातो, अप्पा," मंजुश्री म्हणाली.

तिनं केनियाच्या डॅनियलशी लग्न केलं तेव्हा तिची आई रत्नम्माही रडरड रडली होती. बाळ निदान मंजूच्या रंगाचं व्हावं, असं तिनं देवाला विनवलं होतं. आता तेच कुरळ्या केसांचं बाळ रत्नम्माचं बोट घट्ट धरून झोपलं होतं.

लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती आणि गुरुपादप्पा शेजारी बसून आपापल्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत. रत्नम्मानं डोळे पुसले.

"लेकराला लिंग मिळेपर्यंत मी तुमच्या शेजारी पूजेला बसणार न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.