एका भिंतीवरचा दगड

बुलढाण्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर घरं काढते. आधी भिंत उभी करायची, मग तिच्यावर रंग, टाइल, दगड चढवायचा. घर बांधण्याआधीच लोकांना ते दिसतं.

उंद्रीचे दोघे भाऊ आईला घेऊन आले, तेव्हा साहेब मेहकरला साइटवर होते. जुनं घर पाडून त्याच जागी जोडघर बांधायचं होतं. समोरची भिंत सलग. डावा अर्धा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा.

थोरल्याला तांबडा दगड हवा होता. मी तो निवडून त्याच्या बाजूवर क्लिक केलं. भिंतीचे दोन भाग अजून पाडायचे होते, त्यामुळे दगड क्षणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चढला.

धाकटा ताडकन उठला. "माह्या हिश्शावर याचा दगड काऊन?"

"थांबा दादा, आत्ता भाग पाडते," मी म्हटलं.

थोरला हसला. "राहू द्या मॅडम. चांगलं दिसून राह्यलं. नाहीतरी याले कुठं जमते घर बांधणं!"

धाकट्याने त्याची गचांडी धरली. "धुरा कोरत माह्या वावरात घुसला, आता घरही खातं का बे?"

थोरल्याने त्याला टेबलावर लोटलं. मॉनिटर खाली आपटला. प्लग काढायला मी वाकले, वर पाहते तर थोरल्याच्या हातात टाइलचा नमुना होता. त्याने तो भावाच्या डोक्यात घातला. टाइल तुटली, तरी उरलेल्या तुकड्याने मारतच राहिला. रक्त कीबोर्डवर उडालं.

कोपऱ्यात बसलेली आई मधे घुसली. तुकडा तिचं मनगट चिरत गेला. तिने दुसऱ्या हाताने थोरल्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

"मले मार! मारून टाक, अन् मंग बांध दगडाचं घर!"

तेव्हा कुठे त्याचा हात खाली आला.

मी माझी ओढणी धाकट्याच्या डोक्याला आवळून बांधली. रिक्षा थोरल्यानेच पळत जाऊन आणली. भावाला उचलताना तो रडत होता. धाकट्याने त्याच अवस्थेत त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि सोडेचना. शेवटी रिक्षावाल्याने त्याचा जबडा सोडवला.

डोक्याला टाके पडले. पोलिसांत तक्रार झाली, मग सोयऱ्यांनी ती मिटवली. कितीतरी दिवस समोर कुणी टाइल हातात घेतली, की मी खुर्ची मागे सरकवायची.

मग एका दुपारी आई एकटीच एसटीने आली. मनगटावर जाड व्रण उठला होता.

"दोन भिंती काढ बाई. मधात जागा ठेव."

मी काढल्या. "यांना बाहेरून काय लावू?"

"ते त्यायले इचार. येगयेगळं बोलाव."

"आणि तुम्ही कोणाकडे राहणार?"

तिने स्क्रीनवर दोन्ही घरांच्या मागे बोट टेकवलं. "मागच्या अंगाले मले एक खोली काढ. दार येगळं."

मी खोली काढली, दार ठेवलं. दगड, टाइल, रंग एकेक करून दाखवू लागले. तिने मान हलवली.

"चुना लाव."

मी चारही भिंतींना पांढरा चुना लावला.