मावशीचे दोन गुण

माझी मावशी एकोणीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होती. वाफेने तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले. तिला वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मदतनीस व्हायचं होतं. अट दोनच: बारावीचं गणित आणि वय चाळिशीच्या आत. तिला चाळिसावं लागलं होतं, आणि गणितात ती दोनदा गचकली होती.

मी कॉलेजात गणित शिकत होते. जेवणाच्या सुट्टीत तिथेच, इस्त्रीच्या टेबलावर वही उघडायचो. सगळं जमलं, पण संयुक्त फलाचा प्रांत, म्हणजे त्यात कोणकोणत्या संख्या घालता येतात, ते काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

“आतलं फल, क्ष वजा तीनचं वर्गमूळ. बाहेरचं, त्याचा वर्ग,” मी म्हटलं. “उत्तर काय?”

“क्ष वजा तीन. मग काय, कुठलीही संख्या घाला!”

“शून्य घालून बघ. आत उणे तीनचं वर्गमूळ काढावं लागेल. निघेल?”

“नाही.”

“मग बाहेरच्यापर्यंत पोचणार कोण?”

ती विचारात पडली. मग टेबलावर थाप मारून म्हणाली, “तीन किंवा तीनाहून मोठी! बाकीच्यांना दारातूनच परत!”

परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

निकाल लागला. दोन गुणांनी नापास. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तर त्याच दोन गुणांच्या उत्तरावर लाल फुली. छापील उत्तरसूचीत लिहिलं होतं: सर्व वास्तव संख्या.

परीक्षा कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. “बाई, तुमचं बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले.

मावशीचा चेहरा उजळला.

“पण सगळ्यांचे पेपर याच सूचीने तपासलेत. निकाल जाहीर झालाय. आता काही होणार नाही.”

“अहो, पण बरोबर आहे म्हणताय ना?”

त्यांनी फाइल बंद केली. आम्ही तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. पुढच्या परीक्षेआधी तिला चाळीस पूर्ण झाली. प्रयोगशाळेत दुसरंच कुणी लागलं.

एकदा मला राहवलं नाही. “मावशे, मी तुला चुकीचं शिकवलं असतं, तर तू पास झाली असतीस गं.”

ती नाही म्हणेल, माझी समजूत घालेल, असं मला वाटलं होतं.

“हो,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.