फळीवरचं वजन

कोणाचं ऐकेल तो नरहरी कसला! अख्ख्या पाम गावाला हे ठाऊक. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर त्याला सल्ला द्यायची छाती एका मंदाचीच, म्हणजे बायकोची. आणि तीच दिवाळीपासून एकटी ओट्याखाली उतरत नव्हती.

कारण अंगणातलं लॉन. पालघरला नोकरीला जाणाऱ्या ललितने, त्यांच्या मुलाने, ते हौसेने लावलं. पण खाली जुन्या माडाचा बुंधा होता. तो कुजला, माती खचली आणि गवताखाली खड्डा झाला. मंदाचा पाय नेमका त्यात गेला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, धास्ती मात्र गेली नाही. शेजारी जायचं तरी नरहरीचा हात लागे. गावभर भिरभिरणारी बाई खुर्चीला खिळलेली बघून त्याचा जीव तुटायचा. ते तोंडाने सांगणं त्याला जमणारं नव्हतं. त्यापेक्षा अंगण सपाट करणं सोपं.

"बाबा, नुसती बारीक माती पसरा," ललितने कामावर जाताना बजावलं. "दर महिन्याला थोडी थोडी. गवत वर येतं त्यातून."

"महिने? तवर तुझी आई काय खुर्चीतच बसल?" नरहरी म्हणाला.

जमीन सपाट करायची त्याला एकच रीत येत होती, भातशेतीची. ललितची पाठ वळताच त्याने कुदळीने गवत उलथलं, कडेने बांध घातला, पंप सुरू केला आणि दुपारपर्यंत अंगणात घोटाभर चिखल करून ठेवला. पाणी साचलं की उंचसखल आपोआप दिसतं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त लॉनचा सत्यानाश झाला होता. सून मेघाली दारात येऊन कपाळाला हात लावून उभी राहिली.

मग त्याने शेतातली जुनी फळी काढली, दोरी बांधली आणि ओढू लागला. फळी चिखलावरून नुसती घसरत चालली. उंचवटे जिथल्या तिथे.

"अवो, रिकामी फळी काय ओढता?" ओट्यावरून मंदा ओरडली. "वर वजन नको?"

"दगड ठेवतो."

"दगड पडंल. माणूस पायजे. माज्या बाबांच्या शेतात मीच बसायची."

"आता तू बसशील तर बैल लागतील!"

"तुमी हाय की!"

मेघालीला हसू आवरेना. तेवढ्यात मंदाने साडी खोचली, पायरी उतरली आणि चिखलात पाय घातला. मग दुसरा. चिखलाची भीती तिला कधी नव्हतीच. भाताची रोपं लावत, आवणी करतच ती वाढली होती. ती फळीवर बसली, नरहरीने दोरी खांद्यावर घेतली.

"डावीकडं! अवो, तुमचं डावं कुठं हाय?"

संध्याकाळी ललित आला तेव्हा अंगण ताटासारखं झालं होतं आणि बाप बांधावर धापा टाकत होता.

"बाबा, लॉन कुठंय?"

नरहरीने मंदाकडे बोट केलं. मंदा फळीवरून उठली आणि खड्डा होता त्याच जागेवरून एकटी नळाकडे चालत गेली. नरहरीने चिखलाच्या हातांनीच डोळे पुसले आणि तोंड माखून घेतलं.

"लाव हो तुझं गवत परत," मंदा नळाखाली पाय धरून ललितला म्हणाली. "पण घाई नको. आधी मला जरा चालून घेऊ दे."