आत्याचं एक इंच जास्तीचं माप

आत्या बोलताना ओठ पुरते उघडत नाही. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोलल्यावर जिभेला तेवढीच जागा पुरते. आता टाचण्या नसल्या तरी ती तशीच बोलते, जेवताना आणि भांडतानासुद्धा. तिची नक्कल करायची तर ओठ मिटायचे, भुवया वर न्यायच्या आणि म्हणायचं, "हात वर कर. श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, ते घरी गेल्यावर बाहेरच येणारे."

आत्या शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि कोपऱ्यात दाराची लोखंडी शेगडी, जिचं धुराडं छपरातून बाहेर काढलंय. थंडीत बोटं आखडली की टाका वाकडा पडतो, म्हणून शेगडी हवीच. तिला लागणारी लाकडं आत्या स्वतः कापते, मागच्या शेडमध्ये, पेट्रोलच्या जुन्या चेनसॉने.

यंदा तिचा उजवा खांदा धरला. चेनसॉ चालू करायला दोरी ओढावी लागते. एके दिवशी तिने ती नऊ वेळा ओढली आणि दहाव्यांदा हात वरच गेला नाही. बाबांनी हे सगळं खिडकीतून मोजलं. बाबा बस चालवतात आणि घरातही शेवटचा स्टॉप आल्यासारखं बोलतात.

"ताई, बास. शेगडी काढू. हीटर आणू."

"हीटरने पाय भाजतात आणि बोटं गारच राहतात."

"मग लाकडं माणसाकडून कापून घे."

"मागच्या वर्षी घेतली होती की. एक तुकडा हातभर, दुसरा वीतभर. आंधळ्याने शर्ट बेतावा तसं."

"ठीक आहे, नवं मशीन बघू. पण अट आहे. दुकानात माझ्यासमोर तीनदा चालू करून दाखवायचं, तुझ्या तू. नाही जमलं तर रविवारी शेगडी बाहेर."

"तुझ्यासमोर म्हणजे मोठा परीक्षकच की नाही तू," आत्या म्हणाली आणि पर्स घेऊन निघाली. बाबा आणि मी मागोमाग.

दुकानदार बोलायचा ते जत्रेतल्या भोंग्यासारखं. दर वाक्याच्या शेवटी 'विषयच नाही'. त्याने साखळी फिरते ती पट्टी वीस इंची असलेलं पेट्रोल मशीन काउंटरवर आणून आपटलं. "मॅडम, जुन्याच्या वरचं म्हणजे हेच. नुसतं दाखवलं की झाड आडवं. विषयच नाही!"

"मला झाड पाडायचं नाहीये. पडलेलंच कापायचंय," आत्या म्हणाली.

नवी कात्री घेताना ती जे करते तेच तिने केलं. मशीन दोन्ही हातांनी कमरेपाशी धरलं, डोळे मिटले आणि मनात आकडे मोजायला लागली. वीसपर्यंत हात स्थिर राहिला तर वस्तू आपली. बाराला पट्टीचं टोक थरथरायला लागलं. तिने डोळे उघडले आणि दुकानाच्या मागच्या अंगणात जाऊन दोरी ओढली. पहिल्यांदा मशीन एका झटक्यात चालू झालं. दुसऱ्यांदा तीन झटके लागले. तिसऱ्या वेळी तिने दोरीची मूठ धरली आणि तशीच उभी राहिली.

बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "झालं, ताई," ते हळू म्हणाले. बस थांबली होती.

मागे एक मेकॅनिक साखळीला धार लावत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, लाकूड केवढं जाड असतं तुमचं?"

"मांडीएवढं."

"मग वीस इंची पट्टी काय करायचीय? आणि शेगडी किती खोल?"

"पंधरा इंच."

"तुकडा केवढा कापता?"

"सोळा."

कानस थांबली. "पंधराच्या शेगडीत सोळाचा तुकडा?"

"ओलं असतं ना तेव्हा. वाळलं की आटतं. सुती कापडाला नाही का आपण जास्तीचं धरत?"

"मावशी, लाकूड जाडीत आटतं. लांबीत आटतं ते केसाएवढं."

"तरीच!" बाबा ओरडले. "दर थंडीत हिचं सुरू, यंदाचं लाकूड हट्टी आहे, आटतच नाही! आणि मग एकेक तुकडा परत कापत बसते!"

"म्हणजे प्रत्येक तुकड्याला दोन काप," मेकॅनिक म्हणाला. "खांदा जाणारच."

आत्याचं तोंड पूर्ण उघडलं. आम्हाला तिचे मागचे दात पहिल्यांदा दिसले. "अगंबाई," ती म्हणाली, "पंधरा वर्षं!"

मग मेकॅनिकने फळीवरून बारा इंची पट्टीचं, बॅटरीचं मशीन काढलं. आत्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "दोरी कुठाय?"

"दोरीच नाही. हे बटण दाबून धरायचं आणि हा खटका ओढायचा."

"खेळणं वाटतंय."

"मांडीएवढं लाकूड आहे ना? कापून बघा."

त्याने पुढे सरकवलेला ओंडका तिने कापला. भुसा बुटांवर पडला, काप सरळ आला. तिने अजून दोनदा बंद-चालू केलं आणि बाबांकडे पाहिलं.

"ही फसवणूक आहे," बाबा म्हणाले.

"चालू करायचं म्हणालास. केलं. दोरीचं नाव तरी काढलं होतंस का?"

तरी ती लगेच हो म्हणाली नाही. डोळे मिटून मोजत राहिली. वीस झाले, तीस झाले, टोक हललं नाही. बॅटरी किती काप पुरते, साखळीचं तेल कुठे भरायचं, हाताचा ब्रेक कसा लागतो, सगळं दोनदा विचारलं. एक जास्तीची बॅटरीही घेतली. जास्तीचं धरायची खोड काही एका दिवसात जात नाही.

रविवारी शेडमध्ये तिने टेप आणि कपड्यांवर खुणा करायचा खडू घेतला. चौदावर रेघ मारली. खडू सवयीने इंचभर पुढे सरकून दुसरी रेघ मारून गेला, तिने अंगठ्याने ती पुसली. कापलेला पहिला तुकडा ओला होता, पेटवायचा नव्हता. पण ट्रायल घेतल्याशिवाय आत्या कुणालाच सोडत नाही. तुकडा शेगडीत ठेवला, दार लावलं. लागलं.

दुपारपर्यंत ओंडक्यांची रास झाली. बाबा पेपर वाचत होते. आत्याने त्यांच्या खुर्चीला कुऱ्हाड टेकवून ठेवली.

"जाड आहेत तेवढे फोड."

"ताई, आज रविवार आहे गं!"

"माहितीये. शेगडी बाहेर काढायला मोकळाच राहिला होतास ना?"