सोळा अंशांचा समुद्र

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत की खरं घडलेलं किती आणि सांगून सांगून पक्कं झालेलं किती, याची आता मला खात्री देता येत नाही. शेवटचा प्रसंग तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असं मी छातीठोकपणे सांगतो. त्यावर तेव्हा माझ्यासोबत असलेला खेर्डे म्हणतो, "सर, तुम्ही पाह्यलंच नाही!" आणि मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते, "असू दे हो. पाहिलं म्हणतात तर पाहिलं."

या "असू दे"मुळे मला जास्त शंका येते.

नागपूरला, रामदासपेठेतल्या आमच्या व्हरांड्यात संध्याकाळी चार-पाच निवृत्त माणसं जमतात. कुणी ग्रीसचं नाव काढलं की एक किस्सा निघतो, आणि लगेच दुसरा स्वतःहून खुर्ची ओढून बसतो. म्हणून एकदाचे लिहून ठेवतो. चूकभूल असेलच.

* * *

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. मी भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. सहा महिन्यांसाठी अथेन्सच्या एका संस्थेत गेलो होतो. वामन खेर्डे हा उमरेडकडच्या शेतकरी घरातला, संत्र्यांच्या रोगांवर डॉक्टरेट केलेला. तोही योगायोगाने तिथेच आलेला. नाताळच्या सुटीत मालती आली.

लग्न झालं तेव्हा मी मालतीला शब्द दिला होता, तुला एकदा समुद्रस्नान घडवीन. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि तिने अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. विमानातून दिसला तो समुद्र ती धरत नव्हती.

पण आदल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. निघताना आमच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "गारठ्यात भिजू देऊ नका." त्यांनाही मी शब्द देऊन बसलो होतो.

म्हणजे दोन शब्द, आणि दोन्ही एकदम पाळणं अशक्य! या गोंधळात मी एका बेटाची तिकिटं काढली. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण त्याचा उच्चार मला अजून येत नाही.

"उन्हाळ्यात तिथं फार गर्दी असते म्हणे," मी खेर्डेला म्हटलं. "आता सीझन नाही. जावं की न जावं?"

"चला ना जी! गर्दीच पाह्याची असन तं आपली सीताबर्डी काय वाईट हाय?"

* * *

बोटीतून आम्ही तिघंच उतरलो. धक्क्यावर एक मांजर होती. हॉटेलांना कुलपं, दुकानांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, खुर्च्या टेबलांवर उलट्या. मी तिकिटावरचं बेटाचं नाव तीनदा वाचलं.

"सर, आपण बरोबरच उतरलो," खेर्डे म्हणाला.

"मग लोक कुठे आहेत?"

"तुम्हालेच तं नको होते!"

इरिनी नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला त्यांच्या घरातल्या दोन खोल्या दिल्या. आणि मानोली नावाच्या गृहस्थांनी, केवळ आमच्यासाठी, त्यांचं बंद कॅफे उघडलं. हे जहाजावर नोकरी करून आलेले, त्यामुळे तुटकं इंग्रजी बोलत.

त्यांनी विचारलं, "कॉफी?"

आम्ही तिघांनी माना डोलावल्या, नागपूरला डोलावतो तशा. ते आमच्याकडे बघत राहिले आणि जाऊन बसले. दहा मिनिटांनी परत आले. "कॉफी?" आम्ही पुन्हा डोलावल्या. ते पुन्हा जाऊन बसले. शेवटी मालती उठली, आत गेली आणि स्वतःच भांडं चुलीवर ठेवून आली.

मग खेर्डेने पाव मागितला. मानोलींनी हनुवटी वर उचलली आणि "च्च" केलं. मला वाटलं, ते विचार करताहेत. मी वाट बघत बसलो.

"चला सर," खेर्डे उठला. "नाही म्हणून राहिला तो."

"तुला कसं कळलं?"

"आमचा बुडा बाप असाच 'नाही' म्हणे!"

* * *

त्या बेटावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं होती. पिवळीजर्द, लगडलेली, आणि कुणी हात लावत नव्हतं!

"मजूर भेटत नसन," खेर्डेने निदान केलं.

मी भीत भीत म्हटलं, "आंबट असतील का रे? नाहीतर एव्हाना संपली असती."

"सर, तुम्ही दगडाचं पाहा. संत्र्याचं मले कळते."

त्याने एक तोडलं, सोललं आणि दोन फोडी एकदम तोंडात टाकल्या. त्याचा चेहरा मी आजही वर्णू शकत नाही. एवढ्यात समोरच्या गच्चीत तीन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या. खेर्डेने त्यांच्याकडे पाहिलं, आणि उरलेलं अख्खं फळ एक-एक फोड करून, हसत हसत खाल्लं!

"थुंकायचं होतंस की," मी नंतर म्हटलं.

"नागपूरच्या माणसानं संत्रं थुंकलं म्हणून सांगितलं असतं त्यायनं." मग डोळे पुसत म्हणाला, "पण कलम बांधाले खुंट म्हणून नंबर एक माल हाय हा, सर!"

दुसऱ्या दिवशी इरिनीबाईंनी बशीत चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. त्याच फळाच्या सालीचा, पाकात मुरलेला. खेर्डेने चार बश्या संपवल्या.

* * *

इरिनीबाईंना मराठी येत नव्हतं, मालतीला ग्रीक येत नव्हतं. दोघी सकाळपासून स्वयंपाकघरात बोलत असत.

"काय बोलता एवढं?" मी विचारलं.

"त्यांची सून अथेन्सला असते. दोन महिन्यांत पत्र नाही."

"हे तुला कसं समजलं?"

"त्यात समजायचं काय आहे?"

मी दोन वर्षं जर्मन आणि एक वर्ष रशियन शिकलो आहे. मला अजून ते स्वयंपाकघर उलगडलेलं नाही.

* * *

आता समुद्र. तो खिडकीतून दिसत होता, निळाशार, आणि मालती रोज विचारत होती, "आज जायचं?"

मी "उद्या बघू" म्हणत होतो. नुसतं म्हणणं शास्त्रशुद्ध वाटेना, म्हणून संस्थेतून आणलेला थर्मामीटर काढला. रोज सकाळी नऊ वाजता धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून मी समुद्राचं तापमान घेऊ लागलो आणि वहीत लिहू लागलो. पंधरा. साडेपंधरा. पंधरा. अठरा झालं की जाऊ, असं मी ठरवलं होतं. अठरा का, ते मलाही माहीत नव्हतं.

"घरच्या टाकीचं डिसेंबरातलं पाणी मोजलंत कधी?" मालतीने विचारलं. तिच्या माहेरी पौष पौर्णिमेपासून महिनाभर माघस्नानाचा नेम होता. पहाटे, गार पाण्याने. न्यूमोनियाच्या वर्षी तो मोडला, याचं तिला वाईट वाटत होतं.

मी म्हटलं, "टाकी वेगळी, समुद्र वेगळा." या वाक्याचा अर्थ काय, कुणास ठाऊक.

पाचव्या दिवशी पाहतो तर माझ्या मागे दहा-बारा माणसं उभी! मी वहीत आकडा लिहिला तसे त्यांचे चेहरे उतरले. मानोली पुढे आले. मी अथेन्सहून आलेला भूगर्भशास्त्रज्ञ, हे त्यांनी गावभर सांगितलेलं होतं. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीसारखे आडवे धरून थरथरवले आणि हळूच विचारलं, "प्रोफेसर, येणार आहे?"

भूकंप!

मी हादरलो. तसं काही नाही, काळजी नको, निश्चिंत असा, हे सगळं एकदम सांगायला म्हणून मी मान डोलावली.

आमची डोलणारी मान म्हणजे "हो", हे मानोली कॉफीच्या दिवशीच शिकले होते. तासाभरात सगळं गाव धक्क्यावर होतं. म्हाताऱ्या देवांच्या तसबिरी घेऊन, एक बाई शिलाई मशीन घेऊन. खेर्डे धावत आला.

"तुम्ही मान काहून हलवली गा, सर?" घाईत "जी"ऐवजी, बरोबरीच्या माणसाला म्हणतात ते "गा" माझ्यासाठी त्याच्या तोंडून गेलं!

शेवटी मालतीने पुढे होऊन हनुवटी वर उचलली आणि स्वच्छ "च्च" केलं. मग लोक घरी गेले.

* * *

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बोट होती. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा झालेली. मालतीने ट्रंकेतून जुनं नऊवारी लुगडं काढलं आणि नेसून बसली.

सकाळी घंटा सुरू झाल्या. बाहेर येऊन पाहतो तर गर्दी! शेजारच्या बेटांवरून होड्या आलेल्या, पताका, पोरं खांद्यावर. गर्दी नको म्हणून मी ऐन थंडीत इथे आलो, आणि हे काय? मी कॅलेंडर पाहिलं, सहा जानेवारी. मला काही कळेना.

चर्चमधून मिरवणूक निघाली. पुढे भरजरी झग्यातले धर्मगुरू, मागे सगळं गाव, सगळे समुद्राकडे. धक्क्यावर पंधरा-वीस तरुण कपडे काढून कुडकुडत उभे.

"बघा!" मालती म्हणाली. "यांच्यातही आजच स्नान असतं."

"अगं पण..."

"जाऊ द्या ना जी वहिनींले," खेर्डे म्हणाला. "अख्खं गाव हाय. काही झालं तं दहा जण उड्या मारतीन."

मालतीने स्वेटर काढून माझ्या काखेत दिला, चपला हातात दिल्या. "उद्या बोट आहे," ती म्हणाली. "अठरा होईपर्यंत मी म्हातारी होईन."

मी मान डोलावली. तिला मात्र त्याचा अर्थ बरोबर कळला.

ती कडेच्या पायऱ्यांनी उतरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. डोळे मिटून तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि सूर्याला दिलं. त्याच क्षणी धर्मगुरूंनी हातातलं काहीतरी समुद्रात फेकलं आणि सगळी पोरं त्यामागे कोसळली. मोठी लाट उसळली. ती ओसरली तेव्हा एक लाकडी क्रूस तरंगत तरंगत मालतीच्या ओंजळीपाशी आला.

तिला वाटलं, कुणाचा तरी देव पाण्यात पडला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, पायऱ्या चढून आली आणि धर्मगुरूंना परत दिला.

पोरं पाण्यातच थिजलेली. खेर्डे माझ्या कानात पुटपुटला, "सर, बोट आजच नाही का भेटणार?"

धर्मगुरूंनी मालतीकडे पाहिलं, क्रूसाकडे पाहिलं. मग त्यांनी क्रूस तिच्या मस्तकावर टेकवला. इरिनीबाई ओरडल्या, आणि सगळा धक्का ओरडायला लागला!

आज येशूच्या जलदीक्षेचा सण, तो क्रूस ज्याच्या हाती लागेल त्याचं वर्ष शुभ जातं, आणि त्याला घरोघर बोलावतात, हे आम्हाला मानोलींनी सांगितलं. मालतीला कोरड्या साडीत, शालीत गुंडाळून, संध्याकाळपर्यंत त्रेपन्न घरांत नेलं. प्रत्येक घरी मुरंबा.

रात्री ती म्हणाली, "किती अगत्य हो! पण कुंकू एकीनेही लावलं नाही."

तिला साधी शिंकही आली नाही. मुरंब्यामुळे खेर्डेचं पोट मात्र बिघडलं.

* * *

हा प्रसंग मी पाहिला, असं मी म्हणतो. तिची ओंजळ, सूर्य, क्रूस, सगळं मला दिसतं. पण माझ्या वहीत त्या तारखेपुढे फक्त "१६" लिहिलेलं आहे.

बऱ्याच वर्षांनी माझा एक विद्यार्थी त्या बेटावर गेला, उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये. कॅफेत बसायला जागा मिळेना, म्हणून उभ्या उभ्या भिंतीवरचे फोटो पाहत होता. दर वर्षी क्रूस मिळवणाऱ्याचा एक. सगळे ओलेचिंब तरुण, आणि मधेच नऊवारीतल्या आमच्या मालतीबाई! त्याने त्या फोटोचा फोटो काढून मला पाठवला.

भिंग घेऊन मी तो नीट पाहिला. मालती कमरेइतक्या पाण्यात आहे, क्रूस कपाळाला लावलेला. धर्मगुरू, इरिनीबाई, मानोली, पाण्यातली पोरं, खेर्डे, सगळे तिच्याकडे बघताहेत. उजव्या कडेला, खालच्या पायरीवर, एक माणूस उकिडवा बसला आहे. काखेत स्वेटर, हातात बायकी चपला. त्याची मान खाली आहे आणि तो थर्मामीटर वाचतो आहे.